चारशे अठ्ठेचाळीस अंशांवर

३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा पत्ता ट्रकवाल्याने दिला. तू पावाच्या भट्टीवर दिसलास म्हणाला, अंगभर पीठ. मी दोनदा विचारलं, नक्की तोच का? तर म्हणे, "अहो ताई, तापमानाच्या काट्याकडे टक लावून उभं राहायची ती पद्धत दुसऱ्या कुणाची असणार?"

एक महिना झाला. ना चिठ्ठी, ना निरोप. आईला मी सांगितलंय की कंपनीने तुला बाहेरगावी पाठवलंय. ती रोज काहीतरी विचारते आणि मी रोज नवी थाप मारते. काल विचारलं, "तिथे त्याला उशी मिळते का गं?" मी म्हटलं, दोन मिळतात. आता हे लक्षात ठेव, विचारलं तर दोन सांग.

मुद्द्याचं लिहिते. सोबत परवाना मंडळाचा फॉर्म आहे. खाली सही करायची, बाकी मी भरलंय. त्यात इतकंच लिहिलंय की "त्या दिवशी माझं भट्टीकडे दुर्लक्ष झालं, तापमान वाढलं, ते माझ्या ध्यानात आलं नाही." एवढं कबूल केलंस तर सहा महिने पुन्हा प्रशिक्षण आणि परवाना परत. नाही केलंस तर मंडळ म्हणणार, या माणसाने नोंदवहीत खोटे आकडे लिहिले. मग परवाना कायमचा रद्द, आणि कुठल्याही कारखान्यात कुणी तुला भट्टीजवळ फिरकू देणार नाही. ३१ मार्च शेवटची तारीख.

चौकशीत तू कान बंद करून बसला होतास म्हणून पुन्हा सांगते. ट्रान्सफॉर्मरचे पाच कोअर फुकट गेले. आपली धातूची पातळ रिबन दुमडून नखाने दाबली तरी तुटत नाही, ती ट्रान्सफॉर्मरवाल्यांच्या हातात वाळल्या पानासारखी चुरली. दाणा धरला होता, आतपर्यंत. तुझ्या वहीत मात्र चार तास दर अर्ध्या तासाला ४४८, ४४८, ४४८. तापमानाचा आलेख काढणाऱ्या पेनाची शाई पंधरा दिवसांपूर्वीच संपली होती, हे मान्य. तू तक्रार केली होतीस, तेही मान्य. पण मग हाताने लिहिलेल्या आकड्यांवर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा? आणि त्यात ते तुझं वाक्य, "तिसऱ्या तासाला हीटर आपोआप गप्प, तरी काटा खाली येत नाही." साहेब ते मोठ्याने वाचून हसले. मला तुझी लाज वाटली. भट्टी बंद आणि ऊब चालू, असं कुठे असतं का?

मी तिथे जे खरं तेच सांगितलं. प्रयोगशाळेचा नंबर, म्हणजे मशीनमध्ये दाणा धरतो ते तापमान, ५२८; भट्टीवरच्या कार्डाप्रमाणे त्यातून ऐंशी वजा, म्हणजे ४४८. त्या तापमानाला दाणा धरणं शक्य नाही. बहीण म्हणून मी दुसरं काही सांगायला हवं होतं का?

सही कर आणि पाठव. हट्ट पुरे.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

फॉर्म परत आला. सही नाही. पाठीमागे पेन्सिलने एक ओळ, "भट्टी ४४८ वरच होती." एवढंच. आई कशी आहे, तू कशी आहेस, काही नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मी इतकी चिडले होते की पाकीट हातातच राहिलं आणि आईने ते पाहिलं. अक्षर ओळखलं. मग काय, सगळं सांगावं लागलं. सगळं म्हणजे, तुझी चौकशी झाली आणि परवाना अडकला, इतकंच. मी तिथे काय बोलले ते सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

आईला वाटलं तू काहीतरी फोडलंस. मग तिला समजावत बसले. म्हटलं, लहानपणी आम्ही स्टॅच्यू खेळायचो ना, तसं आहे. वितळलेला धातू गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत थिजतो. कणांना रांग लावायला वेळच मिळत नाही, जो जिथे असेल तिथे स्टॅच्यू. अशा धातूत चुंबकत्व सहज इकडून तिकडे वळतं, म्हणून ट्रान्सफॉर्मरला तो हवा. मग त्याची वेटोळी करून कोअर बनवायचा आणि धाकटा तो भट्टीत ठेवतो. बेताची ऊब दिली तर अंगातला ताण सैल होतो, पण कण जागा सोडत नाहीत. जरा जास्त झाली की ते हलतात, शोधत शोधत रांगा लावतात. त्याला आम्ही दाणा धरला म्हणतो. एकदा धरला की धातू ठिसूळ आणि चुंबकत्व हट्टी, वळवता वळत नाही. परत पहिल्यासारखं करायचं तर वितळवण्यापासून सुरुवात.

आई म्हणाली, "म्हणजे जरा जास्त कुठून, ते कळायला हवं."

म्हटलं, ते मी सांगते. त्यासाठीच तर माझं मशीन आहे.

"मग तू त्याला नीट सांगितलं होतंस ना?"

तिने सहजच विचारलं. मी भांडी घासायला उठले.

आता ऐक. तुझ्या त्या एका ओळीचं उत्तर मी ओळीने देणार नाही. त्या घाण्यातली थोडी रिबन माझ्या कपाटात शिल्लक आहे. लहान भट्टीत ठेवते, ४४८ वर, मोजून चार तास. बाहेर काढून दुमडून दाखवते, अख्खी. तो तुकडा पाकिटात घालून पाठवीन. मग तरी सही करशील ना? नवा फॉर्म सोबत ठेवलाय. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

ताई


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुकडा पाठवलेला नाही. लहान भट्टीचा काटा बिघडलाय असं वाटतं.

सोमवारी ठेवला, तुटला. मंगळवारी दुसऱ्या काट्याने ठेवला, तुटला. बुधवारी दोन काटे लावून समोर स्टूल टाकून बसले, जेवायलासुद्धा उठले नाही. दोन्ही काटे ४४८. दोन तासांनी एक तुकडा काढला, दुमडताच कट्. चार तासांचा तर चिमट्यातच मोडला.

रिबन जुनी झाली असेल. कपाटात ओल असते. हवेने पृष्ठभाग खराब होतो, तेही कारण असू शकतं. मी अजून शोधतेय. तू लगेच उड्या मारू नकोस.

माझ्या खाली काम करणारी मुलगी विचारत होती, मॅडम, हीच रिबन पुन्हा पुन्हा का तापवताय? मी तिच्यावर ओरडले. मग तिला चहा पाजला. माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही.

दिवसभर मी कुणाशी तरी भांडतेय आणि समोर कुणीच नाही. तू असतास तर तुझ्याशी भांडले असते, निदान आवाज तरी झाला असता. पुढच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण पाव भाजणाऱ्या माणसाला दोन ओळी लिहायला फुरसत नसते हे मला पटत नाही.

ताई


२ मार्च

धाकट्या,

मास्तरांकडे जाऊन आले. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून ते घड्याळं दुरुस्त करतात. घरभर टिकटिक, आणि एकाही घड्याळात बरोबर वेळ नाही. मी सगळे आलेख टेबलावर पसरले. त्यांनी चष्मा लावायच्याही आधी विचारलं, "वेग किती?"

मी म्हटलं, कसला?

"उगाच वेड पांघरू नकोस. तापवायचा वेग. मिनिटाला किती अंश?"

चाळीस, मी म्हटलं. त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही. मास्तरांनी आयुष्यभर मिनिटाला दहा अंश या वेगानेच नमुने तापवले. भट्टीवर चिकटवलेलं ते 'वजा ऐंशी'चं कार्ड त्यांचंच, आणि ते त्या दहाच्या हिशोबाने लिहिलेलं. सप्टेंबरात मी वेग चाळीस केला. दिवसाला चार नमुने व्हायचे ते चौदा होऊ लागले, आलेखातलं शिखरही ठसठशीत दिसू लागलं. साहेब खूश. प्रयोगशाळेची प्रमुख मी त्याच जोरावर झाले, तू पेढा मागितलास आणि मी बिस्किटावर भागवलं, तेव्हाच.

पण जोरात तापवलं की कण मागे राहतात. त्यांना हलायला वेळ लागतो, काटा तोवर पुढे पळालेला असतो. म्हणून नंबर चढा येतो. जुन्या मिश्रणांचे नंबर जुनेच होते, त्यांना काही झालं नाही. नोव्हेंबरात नवं मिश्रण आलं, त्याचा पहिला नंबर मी काढला. चाळीसने ५२८. परवा तोच नमुना दहाने तापवला, ५०८. म्हणजे कार्डाप्रमाणे भट्टी ४२८ वर हवी होती. मी तुला वीस अंश जास्त दिले, वर चार तास. ४२८ला चार तासांत काही होत नाही, ४४८ला दोन तासांतच दाणा धरायला लागतो. तू ४४८ वरच होतास.

आणि तुझा हीटर. मास्तरांना तुझं ते वाक्य सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. दाणा धरताना धातू स्वतः उष्णता सोडतो. माझ्या मशीनमधलं शिखर म्हणजे तीच उष्णता, मी रोज बघते. नमुना नखाएवढा, म्हणून हातोहात निघून जाते. तुझ्या भट्टीत पाच मोठे कोअर, आतली ऊब बाहेर पडणार कुठून? कोअरच भट्टीला तापवत होते, म्हणून हीटर गप्प. मास्तर म्हणाले, "हे न शिकता त्या पोराने नुसतं बघून लिहिलं? असा भट्टीवाला तुम्ही घालवलात?"

त्या वाक्याला आम्ही हसलो होतो.

अहवालात तापवण्याच्या वेगाचा एक रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षं दहा असायचं, म्हणून आम्ही खाली खाली दोन टिंबं मारत जातो, 'वरीलप्रमाणे'. मी चाळीस केल्यावरही हात सवयीने टिंबंच मारत राहिला. खाली भट्टीवर कुणाला कळणार होतं? चूक माझी आहे. चौकशीच्या दिवशी हे माझ्या डोक्यातच आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

फॉर्मवर सही करू नकोस. पाठवलेला फॉर्म फाड.

ताई


११ मार्च

धाकट्या,

साहेबांकडे गेले. आलेख दाखवले. त्यांना पाच मिनिटांत कळलं, तो माणूस मूर्ख नाही हीच तर पंचाईत आहे. म्हणाले, "मॅडम, प्रकरण मिटलंय. ट्रान्सफॉर्मरवाल्यांना दुसरे कोअर दिले. आता तुम्ही म्हणणार आपला नंबर चुकला, मग ते म्हणणार सप्टेंबरपासूनचे सगळे नंबर काढा. कशाला?"

म्हटलं, माझ्या भावाचा परवाना जातोय.

"तो सही करेल तर सहा महिन्यांत परत मिळतो की. त्याला समजवा."

महिनाभर हेच मी करत होते आणि मला ते शहाणपण वाटत होतं. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते तसं वाटेना. मी म्हटलं, त्याने खोटी सही का करावी? ते म्हणाले, "मग तुम्ही खरी करा, पण खुर्ची कुणाची ते लक्षात ठेवून."

तुला वाटेल मी तडक उठून मंडळाकडे गेले. नाही. चार दिवस घरी बसून राहिले, डोकं दुखतं म्हणून. प्रमुख व्हायला मला सोळा वर्षं लागली. त्या खोलीत पहिल्या दिवशी मला झाडू कुठे आहे ते दाखवलं होतं, मशीन नव्हे. ती खोली सोडायला जीव धजत नाही, आणि धजत नाही याचा संताप येतो. आणि तुझाही. एकदा तरी शिवी देऊन पत्र लिहिलं असतंस. मीच एकटी किती भांडू?

पाचव्या दिवशी आलेख मंडळाकडे पाठवले, माझ्या सहीने. सुनावणी २४ मार्चला सकाळी अकरा वाजता. तुझ्या नावाचं पत्र घरच्या पत्त्यावर आलंय, ते सोबत ठेवलंय. येशील की नाही ते तू जाणे.

आईला माझ्या चुकीबद्दल सांगितलं. वेग, नंबर, टिंबं, सगळं. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने माझ्या केसांना तेल लावलं. म्हणाली, "चूक कुणाकडून होत नाही? कळल्यावर सांगितलंस, तेवढं पुरे. मी पण येते सुनावणीला. तुझ्यासाठी."

मला तेल नको होतं, पण बसून राहिले.

ताई


२५ मार्च

धाकट्या,

तू आला नाहीस. बरं झालं.

परवाना तुला परत मिळाला. कायमचा, स्वच्छ, प्रशिक्षण वगैरे काही नाही. खोट्या नोंदीचा शेरा खोडला. हीटरचं तुझं वाक्य अध्यक्षबाईंनी निकालात शब्दशः घेतलंय. तुझा पत्ता त्यांच्याकडे घरचाच होता, म्हणून कागद माझ्या हातात दिले.

आता कसं झालं ते. छोटी खोली, लांब टेबल, खिडकीशी एक पंखा, एका पात्याचा आवाज येत होता. पलीकडे तिघं. आई मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. मी आलेख दाखवले, दहाचा आणि चाळीसचा. तुटके तुकडे बशीत ठेवले. अध्यक्षबाईंनी स्वतः एक दुमडून पाहिला. सगळं त्यांना पटलं. कारकुनाला सांगून त्यांनी लिहून घेतलं, "प्रयोगशाळा प्रमुखांकडून प्रामाणिक चूक झाली व लक्षात येताच त्यांनी स्वतःहून कळवली." मग मला विचारलं, "आणखी काही सांगायचंय का?"

रीत म्हणून विचारलं होतं. नाही म्हणायचं आणि घरी यायचं. आईने मागे पिशवी उचलल्याचंही मला ऐकू आलं.

मी म्हटलं, ते वाक्य खरं नाही.

मी तुला २ मार्चला लिहिलं की चौकशीच्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं होतं. साहेबांनी विचारलं, ४४८ला दाणा धरेल का? मी उत्तरासाठी अहवाल उघडला आणि ती दोन टिंबं समोर दिसली. मला त्याच क्षणी कळलं. नंबर किती चुकला ते नाही कळलं, पण चुकला हे कळलं. मी रकान्यावर तळहात ठेवला. आणि म्हटलं, "शक्यच नाही." समोर तू होतास. तू माझ्याकडे बघत होतास, मी साहेबांकडे. मग महिनाभर तुला फॉर्म धाडत राहिले, कारण तू सही केली असतीस तर माझ्यापुरतं ते खरं झालं असतं. लहान भट्टीत तुकडा ठेवला तेव्हासुद्धा देवाला म्हणत होते, अख्खा राहू दे, म्हणजे नंबर चुकलाय ही माझी शंकाच खोटी ठरेल.

हे सगळं मी तिथे बोलले, असंच, ओळीने. अध्यक्षबाईंनी कारकुनाला लिहिलेलं खोडायला सांगितलं. त्याने पट्टी ठेवून, नीट, एकच रेघ मारली. माझा सहीचा अधिकार काढलाय. आजपासून मशीनला हात लावायचा नाही. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू, पण ते नंतर लिहीन किंवा लिहिणार नाही.

जिन्यावर आई म्हणाली, "नुसती चुकलीस असं समजून मी तुझ्या बाजूने बसले होते." घरी आल्यावर तुझी खोली झाडली. मग तिथली चादर काढून घडी घातली आणि बॅगेत ठेवली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "तो एवढे दिवस एकटा राहिला. आता मी जाते." माझा हात धरून नाही, रागावूनही नाही. कुणाला तरी पत्ता सांगावा तशी म्हणाली. परत कधी येणार ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मला माफ कर असं लिहायला बसले होते, ते तीनदा खोडलं. तू चार तास त्या काट्यासमोर उभा राहून खरं लिहिलंस, आणि मी एका मिनिटात तुला खोटं पाडलं. मला तुझी फार आठवण येते. एवढंच लिहिता येतंय.

शनिवारी दुपारची एकची बस आहे. परवान्याचे कागद आईच्या बॅगेत वरच ठेवलेत. तिचा गुडघा उतरताना धरतो, पायरीपाशी उभा राहा. मी तिला इथे बसमध्ये बसवून देईन आणि खाली उतरेन.

ताई